गेमिंगसाठी मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा की ॲनालॉग?

आपण विचारले आहे की, नागपुरात वसतिगृहात राहून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकता, रोज दोनेक तास व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक 2 खेळता, उरलेल्या वेळी प्रकल्पांचे अहवाल आणि बरेचसे मराठी टायपिंगही करता, आठ-नऊ हजार रुपये साठवले आहेत, आणि ते चांगल्या मेकॅनिकल कीबोर्डवर घालावेत की सध्या गाजत असलेल्या ॲनालॉग, म्हणजे हॉल इफेक्टच्या कीबोर्डवर, हे ठरत नाही. मीही नागपूरचाच. पोटापाण्यासाठी दिवसभर मराठी टाइप करतो, रात्री भाच्यासोबत हेच खेळ खेळतो आणि बहुधा हरतो. दोन्ही प्रकारचे कीबोर्ड माझ्या टेबलावर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा पहिला मेकॅनिकल कीबोर्ड लाल स्विचचा होता. (स्विच म्हणजे प्रत्येक बटणाखालची, दाब नोंदवणारी रचना; तिचे प्रकार लाल, तपकिरी, निळा अशा रंगांनी ओळखतात.) दोन उन्हाळे तो उत्तम चालला. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याचे ‘डी’ हे बटण एकदा दाबले तरी दोनदा उमटू लागले. इंग्रजीत याचा त्रास एका जादा अक्षरापुरता असतो, पण इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी टायपिंगच्या प्रमाण मांडणीत, ‘डी’वर हलन्त बसलेला आहे, त्यामुळे माझी सगळी जोडाक्षरे फुटू लागली. ‘विद्यार्थी’ लिहायला जावे तर ‘द’चा पाय मोडलेला, पुढे ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ आणि त्याच्यापलीकडे ‘य’ एकटाच उभा. खेळात तेच बटण उजवीकडे सरकण्याचे, म्हणून तिथे पात्र धावता धावता मध्येच अडखळायचे आणि नेमके तेव्हाच समोरच्याचे फावायचे. कंपनीच्या सेवा केंद्राने ‘धूळ वॉरंटीत येत नाही’ असे सांगून हात वर केले. शेवटी बर्डीच्या बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने कीकॅप, म्हणजे बटणावरची टोपी, उचकटून मला आत पाहायला लावले. माझे टेबल कूलरच्या अगदी समोर असते. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा आणि तिच्यासोबत येणारी धूळ यांचा करडा, चिकट थर प्रत्येक स्विचच्या भोवती बसलेला होता. ‘‘भाऊ, स्विच मेला नाही, कचरा खाल्ला त्यानं,’’ असे म्हणत त्याने सोल्डर काढून तेवढा एक स्विच बदलून दिला.

हा प्रकार का घडतो ते पाहिले की दोन्ही कीबोर्डांतला खरा फरक लक्षात येतो. मेकॅनिकल स्विचमध्ये धातूच्या दोन पट्ट्या असतात आणि बटण दाबले की त्या एकमेकींना टेकून विजेचा मार्ग पूर्ण होतो. चेरी एमएक्स रेड या सर्वांत परिचित स्विचचा दांडा एकूण 4 मि.मी. खाली जातो आणि पट्ट्या टेकतात त्या 2 मि.मी.वर, साधारण 45 सेंटिन्यूटन जोराने. संगणकाला कळते ते एवढेच, की बटण दाबलेले आहे किंवा नाही. मधली कोणतीही अवस्था त्याच्या लेखी नसते. त्यातही धातूवर धातू आपटला की तो किंचित उसळतो आणि काही मिलिसेकंद जोड जुळत-सुटत राहतो. हे उसळणे म्हणजे वेगवेगळ्या दाबण्या नव्हेत, हे ठरवण्यासाठी कीबोर्डच्या आतला प्रोग्राम थोडा थांबतो, आणि हा थांबा अनेक कीबोर्डांत 5 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवलेला असतो. संपर्काच्या जागी धूळ किंवा गंज शिरला की उसळी या थांब्याहून लांबते, आणि मग एका हलन्ताचे दोन होतात.

हॉल इफेक्टच्या स्विचमध्ये एकमेकांना टेकणारे असे काहीच नसते. दांड्याच्या तळाशी एक छोटे चुंबक असते आणि खालच्या सर्किट बोर्डावर त्याच्या समोर एक संवेदक. चुंबक जसजसे जवळ येते तसतसे संवेदकाचे व्होल्टेज बदलते, आणि त्यावरून बटण नेमके किती मिलिमीटर खाली गेले आहे हे कीबोर्ड सतत मोजत राहतो. एडविन हॉल यांनी हा परिणाम 1879 मध्ये शोधला, आणि हनीवेलच्या मायक्रो स्विच विभागाने 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यावर चालणारे कीबोर्डही बनवले होते, त्यामुळे दुकानदार ‘एकदम नवीन टेक्नॉलॉजी’ म्हणतो तेव्हा मला थोडे हसू येते. खेळणाऱ्यांच्या जगात ॲनालॉग कीबोर्ड पोहोचवण्याचे बरेचसे श्रेय वूटिंग या डच कंपनीचे आहे. तिने 2016 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसा उभा करून आणलेला आपला पहिला कीबोर्ड मात्र प्रकाशाने अंतर मोजणारा होता. चुंबकाकडे ती नंतर वळली. स्टीलसीरिजचा चुंबकी स्विचचा एपेक्स प्रो 2019 मध्ये आला.

आता आपल्या खेळांकडे वळतो. बहुतेक जाहिराती बटण किती लवकर दाबले जाते यावर भर देतात: 2 मि.मी.ऐवजी 0.1 मि.मी.वरच नोंद होते, वगैरे. माझ्या मते तो फायदा दुय्यम आहे. खरा फायदा बटण सोडण्यात आहे, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय जास्तीचे पैसे खर्च करू नयेत.

काउंटर-स्ट्राइकमध्ये चालत असताना गोळी नेमकी लागत नाही. त्यासाठी थांबावे लागते, आणि पटकन थांबण्यासाठी उजवीकडे जात असाल तर ‘डी’ सोडून क्षणभर ‘ए’ दाबावे लागते. व्हॅलोरंटमध्ये नुसते बटण सोडले तरी पात्र लवकर थांबते, पण बटण सुटल्याचे संगणकाला कळल्याशिवाय तेही थांबत नाही. आता, चकमकीच्या भरात कोणीही बटण 2 मि.मी.वर अलगद धरून ठेवत नाही. आपण ते तळापर्यंत, म्हणजे 4 मि.मी. दाबतो. मेकॅनिकल स्विचमध्ये बोट उचलायला सुरुवात केल्यावर दांडा तळापासून सुमारे 2 मि.मी. वर येईपर्यंत संगणकाच्या दृष्टीने आपण अजून चालतच असतो. दाबताना ‘टक’ असा आवाज करणाऱ्या निळ्या स्विचमध्ये तर सुटण्याचा बिंदू नोंदीच्या बिंदूच्याही बराच वर असतो, म्हणून त्याला आणखी उशीर होतो.

हॉल इफेक्टच्या कीबोर्डात ‘रॅपिड ट्रिगर’ नावाची सोय असते. तिच्यात ठरलेला बिंदूच नसतो. बोट जिथे कुठे असेल तिथून 0.1 किंवा 0.2 मि.मी. वर उचलले गेले, की बटण सुटले असे कीबोर्ड मानतो, आणि तिथूनच तेवढे पुन्हा खाली गेले की दाबले असे मानतो. दांड्याचा तो 2 मि.मी.चा परतीचा प्रवास त्यामुळे वाचतो. हा फरक मी एका रविवारी मुद्दाम पाहिला. काउंटर-स्ट्राइकमध्ये एका भिंतीसमोर उभे राहून उजवीकडे सरकायचे, थांबायचे, एक गोळी झाडायची, आणि भिंतीवरची खूण पाहायची. असे दोन्ही कीबोर्डांवर पन्नास-पन्नास वेळा केले. मेकॅनिकलवर माझ्या घाईच्या गोळ्यांच्या खुणा भिंतभर विखुरल्या होत्या, चुंबकीवर त्या बऱ्याच एकत्र आल्या. याला प्रयोग म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण झाडणाराही मीच आणि मोजणाराही मीच. शिवाय प्रत्यक्ष सामन्यात माझा निकाल फारसा बदलला नाही, कारण मी हरतो तो चुकीच्या कोपऱ्यात उभा राहून, आणि त्यावर कोणत्याही चुंबकाचा उपाय नाही. माझ्या भाच्याला मात्र पहिल्या आठवड्यातच फरक जाणवला, कारण त्याच्या बोटांना थांबून झाडण्याची सवय आधीच होती.

‘ॲनालॉग’ हे नाव ज्या गुणामुळे पडले, तो गुण आपल्या फारसा कामाचा नाही. बटण अर्धे दाबले तर पात्र हळू चालावे किंवा गाडी थोडीच वळावी, यासाठी कीबोर्ड स्वतःला गेमपॅड म्हणून संगणकासमोर उभा करतो. गाड्यांच्या शर्यतीत हे गमतीचे वाटते; वळणावर ‘डी’ थोडेसेच दाबून गाडी रस्त्यावर ठेवता येते. पण 4 मि.मी.च्या प्रवासात बोट बरोबर मध्यावर धरून ठेवणे अवघड असते, आणि काही खेळांत माउस व गेमपॅड एकाच वेळी चालू असल्याचे पाहून पडद्यावरच्या सूचना सारख्या बदलत राहतात. मी ही सोय दोन महिन्यांत बंद करून टाकली. आपल्या दोन्ही खेळांत पात्राचे चालणे बटणांवरच बेतलेले असल्याने तिच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

रॅपिड ट्रिगरच्या जोडीला आणखी एक सोय सर्रास विकली जाते, तिच्याबाबत सावध राहावे. रेझर या कीबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने 2024 मध्ये तिला स्नॅप टॅप हे नाव दिले. वूटिंगकडे तिचे नाव स्नॅपी टॅपी, आणि इतर कंपन्या बहुधा एसओसीडी लिहितात. ‘ए’ आणि ‘डी’ दोन्ही दाबलेले असतील तर नंतर दाबलेले बटण आधीच्याला आपोआप रद्द करते, म्हणजे थांबण्याचे अर्धे कौशल्य कीबोर्डच करून देतो. व्हॉल्व्ह या निर्मात्या कंपनीने ऑगस्ट 2024 पासून काउंटर-स्ट्राइक 2 च्या आपल्या अधिकृत सर्व्हरवर अशा सोयींना मनाई केली आहे आणि ती चालू असल्याचे आढळले तर खेळाडूला सामन्यातून बाहेर काढले जाते. रॅपिड ट्रिगरला ही मनाई लागू नाही. नवा कीबोर्ड आणल्या आणल्या त्याचे सॉफ्टवेअर उघडून ही सोय बंद आहे ना, ते पाहून घ्यावे. माझ्या भाच्याच्या कीबोर्डात ती खोक्यातूनच चालू आली होती.

टायपिंगच्या बाबतीत मात्र मी अजूनही मेकॅनिकलच्या बाजूचा आहे. चुंबकी स्विच जवळजवळ सगळे सरळ जाणारे असतात. तपकिरी स्विचमध्ये नोंदीच्या जागी बोटाला जो बारीकसा उंचवटा लागतो, तो त्यांत नसतो. दिवसाला दहा-बारा पाने लिहिणाऱ्याला तो उंचवटा फार सोबत करतो, कारण तो लागला की बटण तळापर्यंत आपटावे लागत नाही. खेळासाठी 0.2 मि.मी.वर ठेवलेला कीबोर्ड तसाच ठेवून लिहायला बसलात, तर नुसत्या टेकलेल्या बोटांनीही काना-मात्रा उमटत जातात. इन्स्क्रिप्टमध्ये ‘डब्ल्यू’, ‘ए’, ‘एस’, ‘डी’ या चालण्याच्या चार बटणांवर अनुक्रमे ऐकार, ओकार, एकार आणि हलन्त आहेत, त्यामुळे खेळासाठी सर्वांत हलकी केलेली बटणे आणि मराठीत सतत लागणारी बटणे नेमकी एकच. याला उपाय सोपा आहे: दोन प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचे साठवलेले संच, करावीत: लिहिण्याचे 1.5 ते 2 मि.मी.वर आणि रॅपिड ट्रिगर बंद, खेळाचे हवे तसे. ती कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत साठत असतील तर उत्तम, म्हणजे कॉलेजच्या संगणकावरही चालतात.

आपल्या गावापुरती एक गोष्ट आणखी आहे, ती बाहेरच्या व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही. निओडिमियमचे चुंबक तापले की त्याचे क्षेत्र दर अंशाला साधारण 0.1 टक्क्याने क्षीण होते. डिसेंबरच्या रात्री खोलीत 15 अंश आणि मे महिन्याच्या दुपारी वीज गेल्यावर 40 अंश, एवढ्या फरकात संवेदकाचे आकडे अडीच टक्क्यांनी सरकतात, आणि 0.1 मि.मी.च्या हिशेबात तेवढे पुरेसे आहे. चांगले कीबोर्ड हे स्वतःच सावरून घेतात. स्वस्तातल्यांना हाताने कॅलिब्रेट करावे, म्हणजे त्यांचे मोजमाप पुन्हा जुळवून घ्यावे लागते. मी होळीनंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा कॅलिब्रेशन करतो, आणि 0.1 ऐवजी 0.3 मि.मी. ठेवतो. खेळताना मला तरी त्यात काही कमी वाटले नाही. उलट धूळ आणि कूलरची ओल यांपुढे चुंबकी स्विच निःसंशय सरस आहेत, कारण खराब व्हायला संपर्कच नाही. तर्री-पोह्यांची वाटी कलंडली तर मात्र दोघांची गत एकच. खालचा बोर्ड तेलाने आणि पाण्याने सारखाच बिघडतो.

तेव्हा आपल्या आठ-नऊ हजारांत मी असे करीन. रोजचे दोन तास खरोखर याच दोन खेळांत जात असतील, तर हॉल इफेक्टचा कीबोर्ड घ्या. आता ते पाच हजारांच्या आसपासही मिळतात, त्यामुळे सगळी रक्कम खर्च करण्याची गरज नाही. परीक्षांमुळे खेळ सुटीपुरता उरत असेल आणि लिहिणेच जास्त असेल, तर तीन-चार हजारांचा, स्विच ओढून बदलता येणारा, तपकिरी स्विचचा मेकॅनिकल घ्या आणि चार जादा स्विच ड्रॉवरमध्ये ठेवा. माझे ‘डी’ तसे असते तर सोल्डरची वेळच आली नसती. निळे स्विच वसतिगृहात आणू नका, खोलीतला सोबती दुसऱ्या रात्रीच भांडेल. 8000 हर्ट्झ पोलिंगसाठी, म्हणजे सेकंदाला 8000 वेळा संगणकाला संदेश जाण्यासाठी, पैसे वाढवू नका, कारण 1000 हर्ट्झला संदेश दर मिलिसेकंदाला जातोच.

दुकानात गेलात तर खोक्यावरचे शब्द वाचून थांबू नका. ‘मॅग्नेटिक स्विच’ लिहिलेले असूनही रॅपिड ट्रिगर फक्त काही बटणांनाच असते किंवा 0.5 मि.मी.हून बारीक जात नाही, असे कीबोर्ड मी पाहिले आहेत. दुकानदाराच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर उघडायला लावा, ‘डी’ अगदी सावकाश दाबा, आणि पडद्यावरची पट्टी बोटासोबत सलग सरकते की टप्प्याटप्प्याने उडी मारते ते पाहा. मग बटण तळाशी धरून बोट केसभर उचला. तेवढ्यात नोंद सुटली, तरच पाकीट काढा.