राजीनामा इतक्यात नको

सप्रेम आशीर्वाद.

बँकेतली नोकरी सोडून इजिप्तविद्येला वाहून घ्यायचं म्हणतेस. घाई करू नकोस. चेक इजिप्तविद्यातज्ज्ञ यारोस्लाव चेर्नींचं उदाहरण बघ. जन्म 1898, पिल्झेनचा. प्रागमध्ये फ्रांतिशेक लेक्सांकडे शिकले आणि पोटासाठी बँकेत कारकुनी केली. ती करता करताच इटलीतल्या तूरिनच्या संग्रहालयातले दैर अल-मदिनाचे पपायरस वाचले. 1925 पासून तिथल्या फ्रेंच उत्खननात जाऊ लागले. ऑक्सफर्डची प्राध्यापकी आली ती थेट 1951 मध्ये.

दैर अल-मदिना म्हणजे राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव. तिथे चुनखडीच्या कपच्यांवर नि खापरांवर लिहिलेले हिशेब, तक्रारी, उधाऱ्या हजारोंनी सापडल्या. ब्रिटिश म्युझियममध्ये रामसेस दुसऱ्याच्या 40व्या वर्षाचा हजेरीपट आहे. तारखा काळ्या शाईत, गैरहजेरीची कारणं वर तांबड्या शाईत: विंचू चावला, डोळे आले, बिअर गाळायची होती, आईच्या प्रेताला पट्ट्या गुंडाळायच्या होत्या. चेर्नींनी आयुष्य घातलं ते असल्या मजकुरावर. बँकेच्या खातेवह्यांत मुरलेला माणूस इथे रमला नसता तरच नवल, असं आपलं मला वाटतं.

तुला मोडी येते, त्यामुळे हायरॅटिकचं, म्हणजे जुन्या इजिप्शियन हातलिपीचं, जलद, वळणदार लिखाण बघून तू बिचकणार नाहीस. पण कॉप्टिक, म्हणजे इजिप्शियन भाषेचं शेवटचं रूप, 'नंतर बघू' म्हणून बाजूला टाकू नकोस. जुन्या इजिप्शियन लिपीत स्वर लिहीत नसत. कॉप्टिक लिहिली जाते ग्रीक अक्षरांत, वर डेमोटिक या आधीच्या इजिप्शियन लिपीतून घेतलेली थोडी चिन्हं, म्हणून स्वर दिसतात. शांपोलियोंना 1822 मध्ये इजिप्शियन चित्रलिपी वाचायची वाट सापडली तीही कॉप्टिक पक्की होती म्हणून. चेर्नींनीही अखेरीस कॉप्टिकचा व्युत्पत्तिकोश हाती घेतला. ते 1970 मध्ये गेले, कोश 1976 मध्ये निघाला.

सुरुवात कॉप्टिकच्या साहिदिक बोलीपासून कर. कॉप्टिक चर्चमध्ये आज म्हणतात ती बोहाइरिक, ती मागाहून जमेल. वॉल्टर क्रम यांचा 1939चा कॉप्टिक कोश जवळ ठेव. त्यात शब्द व्यंजनांच्या क्रमाने लावलेत, त्यामुळे आधी फार चिडचिड होईल. होऊ दे. आणि फोटोवर विसंबू नकोस. प्रत्येक ओळ स्वतः उतरवून काढ.

पहिले दोन धडे सोडवून पाठव. हाताने लिहिलेले, टाइप केलेले चालणार नाहीत.