वाचकांचे प्रश्न: अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रीहबवर कोणती कॅसेट?

प्रतापनगरहून एक वाचक विचारतात: माझी ९ स्पीडची रोड सायकल आहे. पुढे ५०-३४ दाते, मागे ११-३२. वर्षभरापूर्वी वजनाला हलकी चाकं घातली. आठवड्यात दोनदा सेमिनरी हिल्सचा चढ आणि रविवारी रामटेक, असा वापर आहे. चेन सटकायला लागली म्हणून कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) काढायला गेलो तर ती निघता निघेना. निघाली तेव्हा फ्रीहबच्या (चाकाच्या मधोमध कॅसेट ज्यावर बसते त्या भागाच्या) कंगोऱ्यांवर करवतीने कापल्यासारख्या खाचा दिसल्या. दुकानदार म्हणतो, फ्रीहब गेला. जुन्या चाकावर पाच वर्षांत असं काही झालं नव्हतं. कॅसेट कोणती घेऊ?

फ्रीहब बहुधा गेलेला नाही, पण पुढची कॅसेट चुकीची घेतली तर जाईल.

आधी एक लोहचुंबक घ्या, फ्रिजच्या दारावरचा चालेल. जुन्या चाकाच्या फ्रीहबला लावलात तर बहुतेक चिकटेल, नव्याला चिकटणार नाही. जुना पोलादाचा, नवा अ‍ॅल्युमिनियमचा. हलक्या चाकांचं वजन जिथे जिथे कमी केलेलं असतं त्यातली ही एक जागा. कॅसेटच्या चकत्या मात्र पोलादाच्याच राहतात, आणि प्रत्येक चकती जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जाड. म्हणजे कठीण पातळ पत्रा मऊ धातूला एकाच बाजूने रेटत राहतो. खाच पडणारच.

सगळ्या चकत्या सारख्या रुतत नाहीत. ७५ किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांडीवर) उभा राहिला की क्रँकवर साधारण १२५ न्यूटन-मीटरचा पीळ येतो. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असताना त्यातले सुमारे ११८ फ्रीहबवर उतरतात. तोच माणूस, तेच पेडल, पण मागे ११ दाते असतील तर जेमतेम ४०. चेन तेवढीच ताणलेली असते, फक्त मोठ्या चकतीची तरफ लांब असते. शिवाय चढावर आपण नेमकी मोठीच चकती वापरतो. म्हणून खाचा स्पोककडच्या बाजूला खोल दिसतील आणि बाहेरच्या टोकाला नुसता ओरखडा.

आता कॅसेटचं. दुकानात दाते मोजून झाले की कॅसेट पालथी करा आणि मागची बाजू बघा. खोक्यावरच्या नावापेक्षा ती बाजू जास्त सांगते. तीन प्रकार दिसतील. पहिल्यात सगळ्या चकत्या सुट्या, मध्ये प्लास्टिकचे स्पेसर, म्हणजे अंतर राखणाऱ्या कड्या. दुसऱ्यात मोठ्या चकत्या आरपार बारीक रिव्हेटांनी जोडलेल्या आणि शेवटच्या लहान सुट्या. शिमानोच्या ९ स्पीडमधल्या एचजी२०० आणि एचजी४०० अशाच. तिसऱ्यात मोठ्या दोन-तीन चकत्या एका अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पंज्यावर बसवलेल्या असतात, त्याला स्पायडर म्हणतात. अशा चकत्यांचं मधलं भोक मोठं असतं, त्या फ्रीहबला शिवतही नाहीत. शिवतो तो पंजा, आणि त्याची पकड एका चकतीच्या कितीतरी पट रुंद. शिवाय तोही अ‍ॅल्युमिनियमचाच. तोच पीळ मोठ्या जागेवर पसरला की खाच पडत नाही.

तुमच्यासाठी स्पायडरवालीच योग्य. अडचण एवढीच, की ९ स्पीडमध्ये ती सहज मिळत नाही, कारण ९ स्पीड आता स्वस्त सायकलींचं गणित झालं आहे. शिमानोची एक्सटी एम७७० मालिकेतली ११-३२ किंवा ११-३४ कुठे जुन्या साठ्यात मिळाली तर जरूर घ्या. माउंटन बाइकची म्हणून बिचकू नका. ९ स्पीडमध्ये रोड आणि माउंटनच्या चकत्यांमधलं अंतर एकच आहे. फक्त ११-३४ घेताना मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दाते झेपवतो ना ते बघा. नाहीच मिळाली तर रिव्हेटवाली घ्या. रिव्हेट बारीक असले तरी चकत्या एकमेकींपासून स्वतंत्र सरकू देत नाहीत, त्यामुळे एकटीवर येणारा भार थोडा वाटला जातो. पूर्ण सुट्या चकत्यांची कॅसेट तुमच्या फ्रीहबवर नको, कितीही स्वस्त असली तरी.

एक गोष्ट आवर्जून. काही जण कॅसेट नीट धुता यावी म्हणून हे रिव्हेट कानशीने घासून काढून टाकतात. पोलादी फ्रीहबवर त्याने काही बिघडत नाही. तुमच्या फ्रीहबवर मात्र रिव्हेटवाली कॅसेट आपल्याच हाताने सुटी केल्यासारखं होईल.

आहे त्या फ्रीहबचं काय? खाच अर्ध्या-एक मिलिमीटरची असेल तर चालवा. खाचेच्या काठावर धातू वर उचलला गेलेला असतो, तो बोटाला लागेल. तेवढाच बारीक चपट्या कानशीने उतरवा. कंगोऱ्याची कड खाचेच्या तळापर्यंत घासून सपाट करायचा मोह होईल, तो आवरा. तसं केलंत तर सगळ्याच चकत्यांना खेळ मिळेल. कानस चालवण्यापूर्वी फ्रीहबच्या मुळाशी कापडाची पट्टी गुंडाळा, नाहीतर भुगा बेअरिंगमध्ये जातो. खाच कंगोऱ्याच्या निम्म्या रुंदीपर्यंत गेली असेल किंवा कंगोरा एका बाजूला लवला असेल, तेव्हाच दुकानदाराचं खरं माना.

बसवताना कंगोऱ्यांवर ग्रीसचा अगदी पातळ हात, लॉकरिंगच्या, म्हणजे कॅसेट जागेवर दाबून धरणाऱ्या रिंगच्या, आट्यांवरही. नऊ खोबणींपैकी एकीची रुंदी वेगळी असते. चकतीवरची तशीच खूण तिच्याशी जुळवली की उलटसुलट व्हायला वाव राहत नाही. लॉकरिंग कसण्याआधी कॅसेट हाताने पेडल मारण्याच्या दिशेने फिरवून कंगोऱ्यांना टेकवा, म्हणजे पहिल्याच चढावर 'टक' होणार नाही. लॉकरिंगला ४० न्यूटन-मीटर लागतात. टॉर्क पाना नसेल तर २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे १६ किलोचा जोर, असा अंदाज ठेवा. सैल राहिलं तर चकत्या हलत राहतात आणि खाचा लवकर पडतात. पायाने दाबून कसलं तर अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या निघून येतात, मग मात्र फ्रीहब खरंच गेला.

आणि चेन नवीन घाला. सटकत होती म्हणजे ताणली असणारच. पट्टीने मोजायचं तर १२ पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भराव्यात. एक अष्टमांश इंच जास्त भरल्या तर चेन कॅसेटलाही घेऊन गेलेली असते. त्याच्या निम्म्यावर असतानाच चेन बदलत राहिलात तर एक कॅसेट दोन-तीन चेन सहज पुरते.

गोकुळपेठ: नवं चाक आणलं, जुनीच १० स्पीड कॅसेट त्यावर चढवली. लॉकरिंग पूर्ण कसली तरी कॅसेट हाताने हलते. चाक सदोष आहे का?

नाही, स्पेसर राहिला आहे. नवं चाक ११ स्पीड रोडसाठीचं असणार. ८, ९ आणि १० स्पीडचा फ्रीहब सुमारे ३५ मिलिमीटर लांब असतो, ११ स्पीड रोडचा सुमारे ३६.८. हा फरक भरायला १.८५ मिलिमीटरचा स्पेसर स्पोकच्या बाजूला सगळ्यात आधी घालायचा. तो बरेचदा नव्या चाकाच्या खोक्यात असतो, आणि बरेचदा खोक्याबरोबर टाकून दिला जातो.

तुमची १० स्पीड कॅसेट शिमानोच्या रोडची असेल तर तिच्याबरोबरचा १ मिलिमीटरचा पातळ स्पेसरही ठेवावा लागेल, म्हणजे दोन्ही. याला शिमानोच्याच टिआग्रा ४६०० चा अपवाद. तिला तो पातळ लागत नाही. स्रॅम कंपनीच्या १० स्पीडलाही नाही. बसवून झाल्यावर सगळ्यात लहान चकती फ्रीहबच्या टोकापेक्षा किंचित बाहेर आलेली दिसली पाहिजे. ती आत किंवा सपाटीला असेल तर लॉकरिंग चकतीला न दाबता फ्रीहबलाच टेकते आहे. असं हलतं ठेवून अ‍ॅल्युमिनियमवर चालवू नका, शंभर किलोमीटरसुद्धा.

मानेवाडा: कॅसेट निघतच नाही. लॉकरिंग निघाली, चकत्या रुतून बसल्या आहेत. हातोडी मारू का?

थेट नको. चकत्या पुढच्या दिशेने रुतल्या आहेत, तेव्हा त्या मागे फिरल्या पाहिजेत. पण मागे फिरवलं की फ्रीहबही बरोबर फिरतो आणि जोर वाया जातो. म्हणून चेन व्हिप (चकती धरायला चेनचा तुकडा लावलेला दांडा) दोन लागतात: एक मोठ्या चकतीवर, पेडल मारण्याच्या दिशेने धरून ठेवायला, दुसरा सुट्या लहान चकतीवर, उलट दिशेने झटका द्यायला. एकेक सुटी चकती अशी मोकळी करा. रिव्हेटवाला गठ्ठा उरेल, त्याला मागून लाकडी ठोकळा लावून हलक्या हाताने ठोका, एकाच जागी नाही तर चहूबाजूंनी थोडं थोडं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यांनी गेलेली सायकल असेल तर आधी चकत्यांमधली माती भिजवून काढा. ती वाळली की सिमेंटसारखी धरते. धुलाई केंद्रातल्या जोराच्या फवाऱ्याने मात्र नको, ते पाणी फ्रीहबच्या बेअरिंगमध्ये शिरतं.

हिंगणा रोड: अ‍ॅल्युमिनियम काढून पोलादाचा फ्रीहब बसवता येईल?

तुमच्या हबच्याच कंपनीने तो दिला असेल तर. फ्रीहबचा कंगोऱ्यांचा भाग बऱ्याच हबचा सारखा असला तरी आतलं लॉक आणि बेअरिंग कंपनीगणिक वेगळं. होप कंपनी आपल्या हबसाठी पोलादी पर्याय देते. नोव्हाटेकच्या काही हबमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्याच अंगात पोलादाची एक पट्टी बसवलेली असते, ती चकत्यांचा चावा झेलते. रोज ऑफिसला जाणाऱ्याने पोलादच घ्यावं. चाकाच्या मधोमध वाढलेलं थोडं वजन पायांना कळतही नाही.

महाल: माझ्या ७ स्पीड सायकलला अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रीहबसाठी कुठली कॅसेट चालेल?

आधी कॅसेट आहे का ते बघा. चाक काढून दातेरी भाग उलटा फिरवा. मधली, पाना बसतो ती खाचांची रिंग चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट. ती स्थिर राहून नुसत्या चकत्या फिरल्या तर ते आट्यांवर बसणारं फ्रीव्हील, त्याला फ्रीहबच नसतो आणि हा सगळा प्रश्नच उरत नाही. फ्रीव्हील अख्खंच बदलायचं. कॅसेट निघाली आणि हब ८-९-१० स्पीडचा असेल, तर ७ स्पीड कॅसेटमागे ४.५ मिलिमीटरचा स्पेसर घाला.

धरमपेठ: १२ स्पीड घ्यायचं म्हणतो. माझ्या आहे त्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रीहबवर चढेल का?

माउंटनचं शिमानो १२ स्पीड, म्हणजे डिओर १०-५१ वगैरे, चढणार नाही. १० दात्यांची चकती जुन्या फ्रीहबच्या जाडीवर मावतच नाही. त्यासाठी २०१८ साली आलेला मायक्रोस्प्लाइन फ्रीहब लागतो. त्याला नऊऐवजी २३ बारीक कंगोरे असल्याने भार वाटला जातो आणि तो अ‍ॅल्युमिनियमचा असूनही खाचा धरत नाही. रोडचं २०२१ नंतरचं शिमानो १२ स्पीड मात्र ११ स्पीड रोडच्या फ्रीहबवर बसतं, स्पेसर न लावता. ते घेतानाही कॅसेट पालथी करून मागची बाजू बघायची, वर प्रतापनगरच्या वाचकांना सांगितलं तशीच.