पॅगोडाच्या मागच्या बाजूला नक्की जा

प्रश्न : ताई, येत्या नोव्हेंबरात आईला घेऊन जपानला जायचं ठरवलंय. हातात सात दिवस आहेत. यात्रा कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात तोक्योपासून हिरोशिमापर्यंत चौदा ठिकाणं आहेत. आई ६८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात आणि ती पक्की शाकाहारी आहे. ती म्हणते, "एवढी देवळं बघून काय करू? सगळी सारखीच दिसणार." काय ठेवू, काय गाळू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आईंचं म्हणणं खोटं नाही. दिवसाला चार देवळं उरकली की तिसऱ्या दिवशी सगळी एकसारखीच वाटू लागतात. माझी पहिली खेप अशीच गेली. नाराजवळच्या होर्यूजी या देवळात आम्हाला मोजून चाळीस मिनिटं दिली होती. पॅगोडासमोर फोटो काढले आणि बसमध्ये बसलो. त्या पॅगोडाच्या मागे काय होतं, ते घरी आल्यावर कळलं, आणि दोन रात्री झोप लागली नाही. तेवढ्यासाठी पुन्हा गेले.

म्हणून सांगते, चौदातली बहुतेक ठिकाणं सरळ गाळा. नारा, कोयासान आणि क्योतो एवढंच ठेवा.

होर्यूजीला सकाळी लवकर पोहोचा. नारा स्टेशनातून लोकलने बारा-एक मिनिटं लागतात, पुढे बस आहे. जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारती इथे उभ्या आहेत. पाच मजली पॅगोडाच्या तळमजल्यावर चारही बाजूंना मातीच्या छोट्या मूर्तींचे देखावे आहेत, इ. स. ७११ मधले. बहुतेक लोक समोरचा, दक्षिणेचा देखावा बघून वळतात. तुम्ही उत्तरेला जा. जाळीला डोळे लावून थोडं थांबा, अंधाराची सवय होऊ द्या. मध्ये बुद्ध निजलेले आहेत, महापरिनिर्वाण. पुढ्यात त्यांचे शिष्य बसलेत. कुणी तोंड उघडून हंबरडा फोडतोय, कुणी छाती बडवतोय. त्या छोट्याशा चेहऱ्यांवर रडण्याने ताणलेल्या शिरासुद्धा दिसतात. आईंनी अजिंठ्याचं २६ नंबरचं लेणं पाहिलं असेल तर त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही. निजलेले बुद्ध आणि खाली शोक करणारी माणसं तिथेही आहेत.

शेजारच्या कोंदोमध्ये, म्हणजे मुख्य मंदिरात, भिंतींवर बोधिसत्त्वांची चित्रं आहेत. अजिंठ्याच्या पद्मपाणीशी त्यांची तुलना नेहमी होते. आज दिसतात त्या मात्र प्रतिकृती. २६ जानेवारी १९४९ ला, चित्रांच्या नकला करण्याचं काम चालू असतानाच आग लागली आणि मूळ चित्रं करपली. त्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा केला. आजही दरवर्षी २६ जानेवारीला तिथली देवळं आग विझवण्याचा सराव करतात. आपल्या प्रजासत्ताक दिनी तिकडे देवळांवर पाण्याचे फवारे उडत असतात, हे मला दरवर्षी आठवतं.

नारामध्ये तोदाईजी हे देऊळही बघा. जवळपास १५ मीटर उंचीचे बुद्ध. ७५२ साली त्यांच्या नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला, तेव्हा डोळे रेखणारा कुंचला बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातात होता. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या. आईंना हे मूर्तीसमोर उभं राहून सांगा, आधी नको.

क्योतोत एकच आग्रह, सांजूसांगेन्दो हे देऊळ. सुमारे १२० मीटर लांब दालन, आत कान्नोनच्या म्हणजे अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती, आणि पुढच्या रांगेत २८ रक्षक देवता. त्यांत इंद्र, ब्रह्मा, नारायण आणि चक्क बासरी वाजवणारा गरुड! सपाट लाकडी जमीन आहे, गुडघ्यांना त्रास नाही. बूट बाहेर काढावे लागतात, तेव्हा जाड मोजे घाला.

आता जेवण. जपानात भाजीच्या रश्शातही बहुधा दाशी असते, म्हणजे सुकवलेल्या मासळीचं पाणी. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. मासळीची दाशीही चालत नाही, अशी जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. म्हणूनच एक रात्र कोयासानच्या देवळात मुक्काम करा. कूकाई या आचार्यांना हा डोंगर ८१६ साली मठासाठी मिळाला. तिथल्या भिक्षूंच्या जेवणात मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. तिळाचं मऊसूत गोमा-दोफू आईंना नक्की आवडेल. झोपायला जमिनीवर गाद्या असतात, तेव्हा खोली आरक्षित करतानाच खुर्ची मागून घ्या. डोंगर साधारण ८०० मीटर उंच आहे, नोव्हेंबरात चांगलंच गारठतं.

सकाळची प्रार्थना झाली की ओकुनोइनला जा. उंच जुन्या झाडांखाली दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत. सगळा रस्ता चालू नका, बसने नाकानोहाशी पुलापर्यंत जा, अंतर निम्मं होतं. तिथल्या पाच टप्प्यांच्या दगडी समाध्यांवर अक्षरं कोरलेली असतात, वरून खाली ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. लिपी सिद्धम आहे, आपल्या देवनागरीसारखीच ब्राह्मीतून आलेली. शेवाळ नसलेला एखादा दगड शोधा आणि आईंना त्यावरून बोट फिरवत एकेक अक्षर दाखवा.