डबा तुमच्या घरात, गिऱ्हाईक परदेशात

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमचं होमस्टे आहे. मी निवृत्त शिक्षक, वय ६२. भाच्याने राऊटरशेजारी एक डबा बसवला. ‘न वापरलेलं इंटरनेट भाड्याने जातं, महिन्याला थोडे डॉलर येतात,’ म्हणाला. आता परराज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवर आलीय : माझ्या कनेक्शनवरून फसवणूक झाली, हजर व्हा. डबा समुद्रात टाकू का?

उत्तर : समुद्रात तर नाहीच, रिसेटही करू नका. वायर काढून आहे तसा कपाटात ठेवा. पुरावा नाहीसा केलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ मागे लागेल. शिवाय तुमच्या बाजूने बोलणारी मुख्य वस्तू आज तीच आहे.

असे डबे बसवणारी कंपनी तुमची लाइन परदेशातल्या गिऱ्हाइकांना विकते. त्यांची इंटरनेटवरची उलाढाल तुमच्या घरातून बाहेर पडते, म्हणून बँकेच्या नोंदीत आयपी पत्ता (इंटरनेट कनेक्शनची ओळख सांगणारा आकडा) तुमचा. इथला संगणक वापरून परदेशातून गुन्हा करणाऱ्यालाही माहिती तंत्रज्ञान कायदा लागू होतो (कलम ७५). पण त्याच्यापर्यंत पोचायला कोर्टाचं विनंतीपत्र त्या देशात जावं लागतं. तुमचं नाव मात्र इंटरनेट देणारा केबलवाला पोलिसांच्या एका पत्रावर देतो.

नोटीस खरी आहे का, हे आधी गुहागर पोलीस ठाण्यात विचारा. भामटेही हुबेहूब नोटिसा धाडतात. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (पोलीस तपासाच्या कायद्याचं) कुठलं कलम लावलंय ते बघा. १७९ असेल तर तुम्ही साक्षीदार, आणि साठीपुढच्या पुरुषाला घर सोडून जबाबाला बोलावता येत नाही. ३५(३) असेल तर संशय तुमच्यावर आहे. अशी नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. तरी गप्प बसू नका. वकिलामार्फत लेखी उत्तर स्पीड पोस्टाने धाडा, पोच जपा. त्यात नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यामागची नेमकी लाइन ओळखायचा आकडा) मागा, कारण एकच आयपी पत्ता अनेक घरांत वाटलेला असू शकतो. अटकेची भीती वाटली तर गुन्हा परराज्यातला असला तरी आपल्याकडच्या सत्र न्यायालयात थोड्या मुदतीचा अटकपूर्व जामीन मागता येतो.

‘पाणी दुसऱ्याचं, पाट फक्त माझा’ हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चा बचाव सुचेल. मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. ते संरक्षण काळजी घेणाऱ्या मध्यस्थाला आहे, आणि पाणी कुणाचं हे तुम्ही कधी विचारलंच नाही. खरा बचाव एवढाच, की फसवणुकीचा हेतू नव्हता, माहितीही नव्हती. त्यात दुखरी जागा डॉलरची. ते लपवू नका. खात्याचा उतारा, भाच्याशी झालेले मेसेज आणि केबलवाल्याचा करार घेऊन वकिलाकडे जा. लाइन पुढे विकायला अशा करारात बहुधा मनाई असते.

भाच्यालाही सांगा. त्याचा वकील मात्र वेगळा हवा.