आधी वलांडी, मग म्युझियम

पोरी,

तुझा मेसेज तीनदा वाचला. अर्नाळ्यात एखादी जुनी खोली घेऊन छोटं म्युझियम करायचं, वल्ही, सुताची जाळी, आजोबांचे फोटो वगैरे, चांगलंच आहे गं, मी नको म्हणत नाही. पण वल्हं कुठे पळून चाललंय, ते माळ्यावर पडलंय ते पडलंय. जे पळतंय ते वेगळंच आहे, हातातलं काम आणि मासळी सुकवायची जागा, आधी त्याच्या मागे लाग.

एकदा वलांडीपाशी, म्हणजे बोंबील सुकवायच्या बांबू-दोरीच्या मांडवापाशी, बस. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, बस एवढंच काम, पण पहिल्या दिवशी बोटं रक्ताळतात कारण दात सुईसारखे. बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, त्याला चारी बाजूंनी वारा लागतो म्हणून टांगायचा, जवळा खाली पसरला तरी चालतो. माझी आय नुसतं शेपटीला हात लावून सांगायची, अजून एक ऊन पाहिजे. तिने हे कधी शिकवलं नाही, मी बाजूला बसायचे म्हणून आलं, तेही अर्धंच.

आणि माझी चूक तू करू नको. मी एका म्हाताऱ्या तांडेलला, म्हणजे होडीच्या कप्तानाला, खुर्चीत बसवून, समोर टेपरेकॉर्डर ठेवून विचारलं की बाबा जुन्या आठवणी सांगा. तो पार अवघडला, दोन वाक्यं बोलला, आणि ती पण वाऱ्याच्या घोंगाटात गेली कारण आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो. पुढे तो घरात जाळं शिवत बसलेला असताना सहज गेले तर तासभर बोलत होता आणि तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं! म्हणून आठवणी विचारू नको, समोर जे काम चाललंय त्याबद्दल विचार. भरती कधी ते विचार. तिथीची पाऊणपट करायची, अष्टमी म्हणजे आठाचे सहा, साधारण सहाला भरती, मोबाईल नसताना सगळा गाव यावर चालायचा. डोलीचं जाळं, म्हणजे समुद्रात बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, प्रवाहाच्या जोरावर भरतं म्हणून उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) धंदा आणि भांगाला (अष्टमीच्या आसपास पाण्याचा जोर कमी असतो तेव्हा) दुरुस्ती. हे शब्द तुझ्या वयाच्या किती पोरांना माहितीयत सांग. बायकांना जरूर विचार, समुद्रावर पुरुष गेले तरी सुकवणं, विकणं, हिशोब सगळा त्यांच्या डोक्यात असतो आणि मुलाखत घ्यायला येणारे बरोबर त्यांनाच सोडतात.

आता खरं दुखणं. वलांडी ज्या जागेवर उभी आहे ती कागदावर कुणाची आहे? बऱ्याच गावांत सुकवायची जागा पिढ्यान् पिढ्या वापरात, पण सातबाऱ्यावर भलतंच काहीतरी, आणि मग एक दिवस तिथे पिकनिकच्या गाड्यांचं पार्किंग होतं. 2011 च्या सीआरझेड (किनाऱ्याच्या जागेबद्दलच्या सरकारी नियमांच्या) अधिसूचनेतच लिहिलं होतं की कोळीवाडे, मच्छीमारांच्या सामायिक जागा, मासळी सुकवायच्या जागा नकाशावर दाखवायच्या. लिहिलं म्हणजे झालं असं नाही! तो नकाशा बघ, आपली जागा त्यात आहे का बघ, नसेल तर फोटो, जुने लोक काय सांगतात ते, मच्छीमार सोसायटीचे जुने कागद, सगळं एका फाईलला लाव. हे कंटाळवाणं काम आहे, रीलला व्ह्यूज मिळणार नाहीत. पण जागा गेली तर तुझ्या म्युझियममध्ये प्लास्टिकचा बोंबील टांगावा लागेल. (2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला, बोंबलाला कुणी विचारलं पण नाही, असो.)

1 जूनला बंदी लागली की दोन महिने होड्या वर, त्याच्या आधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, गडबड असते तेव्हा कुणाला बोलायला वेळ नसतो. म्हणून आगोटीच्या आधीच्या एखाद्या भांगाला ये, होड्या धक्क्याला असतात आणि म्हातारे जाळी घेऊन बसलेले असतात. मोबाईल चार्ज करून आण. हातमोजे मात्र आणू नको, ते घालून जबडा अडकवता येत नाही.

तुझी,
मावशी