टेनेरीफला चाललाच आहात तर

इंग्लंडहून टेनेरीफ या स्पॅनिश बेटाचं स्वस्त पॅकेज घेतलंत ना, मग हॉटेल बहुधा दक्षिणेलाच, प्लाया दे लास अमेरिकासकडे मिळणार. तिथे इंग्लिश ब्रेकफास्ट, पबमध्ये फुटबॉल, सगळं ब्रिटिशांच्या सोयीचं. नाकं मुरडू नका, खात्रीचं ऊन तिकडेच. हॉटेलात फ्लामेंको नाच दाखवतील, पण तो दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाचा, या बेटाचा नव्हे.

एक अख्खा दिवस उत्तरेला, ला ओरोताव्हाच्या बाजूला काढा. तिथे 'ग्वाचिंचे' विचारत जा. द्राक्षमळेवाले घरची वाइन संपेपर्यंत चालवतात ती ही साधी खानावळ, कधी चक्क गॅरेजात. पदार्थ मोजकेच. खारट पाण्यात सालासकट उकडलेले, सुरकुतलेले छोटे बटाटे हमखास. सोबत लाल किंवा हिरवा मोहो, म्हणजे तिथली चटणी. हिरव्यात बहुतेकदा कोथिंबीर आणि लसूण, म्हणजे आपली जीभ लगेच रुळते. शाकाहारी असाल तर आधी विचारा, भाजीच्या सूपातही मांस असू शकतं.

उन्हाळ्यात बरीच ग्वाचिंचे बंद असतात, तेव्हा हिवाळा-वसंतातलं तिकीट बघा. गाडी भाड्याने घेतलीत तर चालवणाऱ्याने वाइनला हात लावू नये. नाहीतर टिट्सा या बेटावरच्या कंपनीची बस आहेच. ला लागुना शहराला मात्र ट्रामनेही जाता येतं, बेटाची राजधानी सांता क्रूझहून.