घोडा रानात, कायदा गोठ्यात?

प्रश्न: ताई, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघत होतो तर एकजण म्हणे अमेरिकेत रानटी घोड्यांसाठी वेगळा कायदा आहे, आणि त्यांना पशुधन म्हटलं की तिकडे लोक चिडतात. का बरं? घोडा तो घोडाच ना? – एक वाचक, शहादा

उत्तर: कायदा आहे भाऊ, १९७१ चा. आधी तिकडे विमानं, ट्रक मागे लावून कळप पळवायचे, पकडायचे आणि मांस कुत्र्यामांजरांच्या खाद्यात जायचं, व्हेल्मा जॉन्स्टन नावाच्या बाई त्याविरुद्ध कित्येक वर्षं भांडल्या तेव्हा कुठे सरकारी जमिनीवरच्या घोड्यांना संरक्षण मिळालं. पशुधनात टाकलं की मालकी आली, विक्री आली, मग खाटीकखान्याचा रस्ता किती लांब! पशुपालक म्हणतात हे मूळचे पाळीवच, स्पॅनिश लोकांनी आणलेले, आमचा चारा खातात. ते अगदीच खोटं नाही, पण पिढ्यानपिढ्या माणसाविना जगलेला कळप गोठ्यात मोजणं मला तरी पटत नाही.

आपल्याकडे तर गंमतच! १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोडा आणि गाढव दोघंही पशुधन, पण अनुसूचीतले, म्हणजे कायद्याच्या संरक्षित यादीतले प्राणी त्यातून वगळलेत, म्हणून कच्छच्या रणातलं रानगाढव वाचलं, ते पहिल्या अनुसूचीत आहे. आसामात दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात मोकाट घोडे आहेत, लष्कराच्या घोड्यांचे वंशज म्हणतात, ते मात्र अनुसूचीत नाहीत.

यात्रेतल्या घोड्यांना १९६० चा प्राणीक्रूरता कायदा लागू होतोच हां, लंगडा घोडा कुणी जुंपलेला दिसला तर सरळ पोलिसात सांगा.